आधी कमरेइतकं, मग जमिनीवरचं: साठीनंतर घरदुरुस्ती शिकायची असेल तर

६३ वर्षांची होईपर्यंत मी पान्याला हात लावला नव्हता. नोकरी सगळी हिशेब तपासण्याची. घरात काही बिघडलं की फोन करायचा आणि वाट बघत बसायचं. निवृत्तीनंतर दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. बेसिनचा नळ तीन आठवडे टपटपत होता आणि एवढ्याशा कामाला यायला कुणाला सवड नव्हती. दुसरं म्हणजे, जमिनीवर बसले की उठताना माझा हात आपोआप आधार शोधायला लागला होता. नळाचं दुखणं बरं करता करता गुडघ्यांच्या दुखण्यावरही थोडाफार इलाज सापडला. त्याला आता चार वर्षं झाली.

नवशिक्यांना मी एकच क्रम सांगते. आधी कमरेच्या उंचीची कामं, मग जमिनीवरची, आणि डोक्यावरची सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि पहिलं काम म्हणून स्टुलावर चढून बल्ब बदलतात. मीही तेच केलं होतं. ती फजिती पुढे सांगते.

१. हत्यारांआधी अंगाचा अंदाज घ्या

हात नसलेली एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ पेक्षा कमी आणि बायकांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायातली ताकद वयाच्या मानाने कमी आणि पडण्याचा धोका जास्त समजतात. ६५ ते ६९ साठी हेच आकडे १२ आणि ११ आहेत. मला पहिल्यांदा ९ वेळा जमलं, आणि नवव्या वेळी उठताना तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

आकडा कमी आला म्हणून हत्यारं घ्यायचीच नाहीत असं नाही. महिनाभर रोज दोनदा हीच ऊठबस हात टेकून करा, सवयीची झाली की हात न टेकता करा, आणि मग पुढे जा. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. पण स्नायूंना काम दिलं तर या वयातही ते ताकद धरतात. त्याला फक्त चिकाटी लागते.

डॉक्टरांकडे एक फेरी मारा आणि विचारायच्या गोष्टी कागदावर लिहूनच न्या:

- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोट्याशा जखमेतलं रक्तही लवकर थांबत नाही. धारदार हत्यार वापरावं का?
- बसलेलं किंवा आडवं असताना आणि उठल्यावर, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. उठल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर वाकून-उठून करायच्या कामांआधी औषधांकडे बघायला हवं.
- हाडांची घनता तपासायची गरज आहे का?
- धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो आणि आपल्यापैकी कितीतरी जणांना मागची तारीखच आठवत नाही. गंजक्या खिळ्याशी गाठ पडण्याआधी हे उरकून टाका.

२. पाणी आणि वीज कुठून बंद होते ते शोधा

पहिला आठवडा काहीही दुरुस्त करू नका. घरभर हिंडा आणि प्रत्येक नळाचं पाणी कुठल्या कॉकने बंद होतं, बोर्डातला कुठला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, कुठल्या खोलीचा, मुख्य स्विच कुठे, गॅसची चावी कुठे, हे शोधून चिठ्ठ्या चिकटवा. या शोधातच भरपूर चालणं-वाकणं होतं. सिंकखालचे कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम होतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक कॉक बंद-चालू करून बघा. जाम झालेल्या कॉकवर जोर लावून बसू नका. तो मोडला तर मुख्य वॉल्व्हकडे धावावं लागतं, आणि तो कुठे आहे हे त्या वेळी शोधत बसलात की झालंच.

विजेच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का तेही बघा. घरातला आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा असतो. त्यावर 'टी' लिहिलेलं चाचणीचं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडायला हवा. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकीचं नंतर.

एका फायलीत हे कागद गोळा करा: उपकरणांची वॉरंटी कार्डं आणि माहितीपुस्तिका, घराच्या वायरिंगचा किंवा पाइपांचा नकाशा असला तर तो, आधी झालेल्या दुरुस्त्यांची बिलं, भिंतीच्या रंगाचा क्रमांक. घर भाड्याचं असेल तर काय करायला परवानगी आहे ते मालकाकडून लेखी घ्या. वॉरंटीत असलेली वस्तू उघडायची नाही. स्टिकर फाटलं की हक्क गेला.

३. हत्यारं थोडी, पण हाताला बसणारी

चकचकीत पेटीतले शंभर नगांचे संच घेऊ नका. त्यातले नव्वद तसेच पडून राहतात आणि पेटी उचलायलाच दोन माणसं लागतात. सुरुवातीला एवढं पुरे:

- जाड मुठीचे दोन स्क्रूड्रायव्हर, एक चपटा आणि एक चौफुलीचा
- एक ॲडजस्टेबल पाना, एक पकड
- हलकी हातोडी
- मेजपट्टी, काचपेपर, टेफ्लॉन टेप, पांढरा फेव्हिकॉल
- डोक्याला बांधायचा दिवा
- डोळ्यांवर चष्मा असला तरी वरून घालायचा संरक्षक चष्मा
- गुडघ्याखाली घ्यायला फोमची जाड गादी
- सुटे स्क्रू ठेवायला झाकणाचा डबा

जाड मूठ मुद्दाम म्हटली. बारीक दांडी धरायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. मूठ बारीक असेल तर सायकलच्या हँडलचं रबर चढवा किंवा कापडी पट्टी गुंडाळा. बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर पहिले सहा महिने घेऊ नका, असं माझं मत आहे. हाताने पिळण्यातच मनगटाला आणि पकडीला व्यायाम मिळतो, आणि स्क्रू कधी घट्ट बसला तेही हाताला कळतं. मनगटात संधिवात असेल त्यांनी मात्र खुशाल मशीन घ्यावं.

चष्म्याबद्दल एक सांगून ठेवते. प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी काचांमध्ये जवळचं वाचायचा भाग खाली असतो. डोक्याच्या पातळीला काम करताना स्पष्ट दिसावं म्हणून आपण नकळत मान मागे टाकतो आणि चक्कर येते. पायरी उतरताना त्याच भागातून पायरी धूसर दिसते. कामासाठी साधा एकाच नंबरचा चष्मा करून घेतला आणि माझ्या मानेचं दुखणं निम्मं झालं.

४. पहिला महिना: कमरेच्या उंचीची कामं

टेबलावर किंवा उभ्याने करता येतील अशी कामं निवडा. खुर्चीचा सैल पाय, ड्रॉवरची मूठ, करकरणारी बिजागरी, गळका नळ.

दार खाली उतरून फरशीला घासत असेल तर बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू लाकडात नुसते फिरत असतात. दाराखाली पाचर लावा म्हणजे भार तिच्यावर येईल. एक स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल सोडा आणि काडेपेटीतल्या काड्या गूल काढून ठोकून बसवा. वर आलेलं टोक छाटा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू परत पिळा. मग दुसरा. सगळे स्क्रू एकदम काढले तर अख्खं दार अंगावर येईल. हे काम मी एकेक स्क्रू करत तीन दिवस पुरवलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

आता नळ. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाकाठी ११ हजार लिटरच्या वर पाणी घालवतो, तेव्हा हे काम शिकण्यासारखंच आहे. आधी नळाचा प्रकार ओळखा. पूर्ण बंद-चालू करायला बरेच वेढे लागत असतील तर आत रबरी वायसर आहे. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात चालू होत असेल तर आत सिरॅमिकची चकती आहे. तिला वायसर नसतो, ती चकती बसवलेला आतला अख्खा भाग, म्हणजे कार्ट्रिजच, बदलावा लागतो.

वायसरच्या नळाचं असं करा:

खालचा कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात कापडाचा बोळा घाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्याच दिवशी मुठीचा स्क्रू डोळ्यांदेखत भोकातून खाली गेला आणि त्याच्या जोडीचा मिळवायला आठवडा लागला. मुठीवरची छोटी टोपी नखाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. आता षटकोनी नट दिसेल. पान्याच्या जबड्यांना कापड गुंडाळा, नाहीतर क्रोमवर ओरखडे उठतात. एक हात नळाच्या तोटीला धरून ठेवा आणि नट डावीकडे फिरवा. नळ धरला नाही तर नटाबरोबर अख्खा नळच फिरतो.

स्पिंडल, म्हणजे मुठीखालची फिरणारी दांडी, बाहेर आला की तळाशी वायसर दिसेल. माझा चपटा होऊन मध्ये गोल खाच पडलेला होता. जुना वायसर दुकानात नेऊन तंतोतंत तसाच घ्या, अंदाजाने आणू नका. परत बसवण्याआधी नळाच्या आत, वायसर जिथे टेकतो त्या बैठकीवरून बोट फिरवा. ती खरबरीत किंवा खाच पडलेली लागली तर नवा वायसरही महिन्या-दोन महिन्यांत जाईल आणि नळच बदलायचा. स्पिंडल बसवताना तो उघड्या स्थितीत ठेवा, म्हणजे नट आवळताना नवा वायसर चिरडत नाही. कॉक हळूहळू उघडा. आणि बंद करताना आवळून पिळायची सवय सोडा. माझा वायसर त्याच सवयीने गेला होता.

जोर लावताना श्वास रोखायचा नाही. नट हटत नसला की आपण दात-ओठ खाऊन श्वास धरतो आणि रक्तदाब झपकन चढतो. जोर लावताना श्वास सोडायचा. मी चक्क मोठ्याने आकडे मोजते, मग श्वास रोखलाच जात नाही. नातवंडं हसतात, हसू द्या.

५. दुसरा महिना: जमिनीवर उतरा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. जमिनीवर जाऊन पुन्हा उठता येणं ही म्हातारपणात हळूहळू हरवत जाणारी गोष्ट. एकदा ती गेली की पडल्यावर उठताही येत नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने दिवसातून चार-पाचदा तेच घडतं.

उतरायची रीत आधी शिका, हत्यार हातात न घेता. हलणार नाही अशा खुर्चीजवळ उभे राहा, सीटवर हात टेका, एक पाय मागे घ्या, तो गुडघा गादीवर टेका, मग दुसरा. उठताना आधी हात आणि गुडघ्यांवर या, खुर्चीकडे सरका, सीटवर दोन्ही हात, ज्या पायात जास्त जोर तो पुढे, तळवा पूर्ण जमिनीला, आणि त्या पायावर रेटून वर. उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही. खुर्चीत बसून पाच-सहा श्वास घ्यायचे. खुर्ची कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर हवी. पलीकडच्या खोलीत ठेवलेल्या खुर्चीचा उपयोग शून्य.

इथली सोपी कामं अशी. फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपतंय का बघायचं असेल तर टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबरी झाकण गेलेलं आहे. ते बदलायला सहसा हत्यारही लागत नाही.

सिंकखालचा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, तुंबला असेल तर खाली बादली ठेवूनच त्याचे नट सोडा. इथे नवशिके हमखास गोंधळतात. खाली आडवं होऊन वर बघताना उजवं-डावं उलटं वाटतं आणि सोडायच्या ऐवजी आपण आवळतो. ज्या बाजूने नट दिसतोय त्या बाजूने समोर घड्याळ धरलंय असं समजा. काटे उलटे फिरवले की नट सुटतो. आधी तुंबा काढणारी पावडर किंवा द्रव ओतला असेल तर ट्रॅप उघडूच नका, आतलं पाणी कातडी भाजतं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

फरशी आणि भिंतीच्या सांध्यातलं सिलिकॉन काळं पडलं असेल तर जुनं सगळं खरवडून काढा. जुन्यावर नवं चिकटत नाही. जागा कोरडी ठक्क करा, नवं भरा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सारखं करा. मग २४ तास पाणी नको. घरातल्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

जमिनीवर एका दमात वीस मिनिटांहून जास्त बसू नका. मोबाइलवर गजर लावा, कारण काम रंगात आलं की वेळ कळत नाही आणि बिल दुसऱ्या दिवशी कंबर पाठवते. खरवडणं, घासणं यांसारख्या कामांत दर पाच मिनिटांनी हात बदला. डावा हात आधी बावळटासारखा वागतो, पण महिन्याभरात शिकतो.

६. डोक्यावरचं काम

माझी गोष्ट अशी. छताचा बल्ब, तीन पायांचं स्टूल, घरात दुसरं कुणी नाही. हात वर, मान मागे, आणि दहाव्या सेकंदाला डोकं गरगरलं. कपाटाची कड हाताला लागली म्हणून मी उभी राहिले. स्टूल आडवं झालं. बल्ब तेवढा शाबूत होता.

हात डोक्यावर धरून केलेल्या कामात हृदयावर ताण जास्त येतो, आणि मान मागे टाकली की काहींना चक्कर येते. त्यामुळे वर चढायचं की नाही हे पहिल्या टप्प्यातला ऊठबशीचा आकडा आणि डॉक्टरांचं उत्तर पाहून ठरवा. चढायचंच असेल तर स्टूल, खुर्ची, पलंग नाही. धरायला कठडा असलेली रुंद पायऱ्यांची घडीची शिडी घ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय सतत टेकलेले हवेत. बेंबी शिडीच्या दोन्ही खांबांच्या मध्येच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की समजा तुम्ही फार वाकलात. उतरा, शिडी सरकवा. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीमागे पाया भिंतीपासून एक फूट लांब ठेवतात, पण ती आपल्या वयात मी तरी कुणाला सुचवणार नाही. घरात हाकेच्या अंतरावर माणूस असल्याशिवाय काहीच नाही.

मी स्वतः आता दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही. त्यावरून लोक चिडवतात.

७. आठवड्याचा हिशेब

हातोडी मारली म्हणजे व्यायाम झाला असं नाही, हे कबूल करायला मला वर्ष लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी जे सांगितलंय ते असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे. दुरुस्तीतून ताकदीचा वाटा थोडा निघतो, ऊठबशीमुळे तोलाचाही. दम मात्र लागत नाही. त्यासाठी चालायलाच हवं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने.

माझी घडी अशी बसलीय: सोमवारी आणि गुरुवारी दुरुस्ती, त्याआधी दहा मिनिटं खांदे-मनगटं मोकळी करणं. बाकीचे पाच दिवस अर्धा तास चालणं. ओट्याला एका हाताची बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं रोज, दात घासताना. दोन दुरुस्तीच्या दिवसांत मुद्दाम अंतर ठेवलंय, कारण नव्या कामाने दुखावलेले स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त बोलतात. स्नायू दुखले तर चालतं. सांधा सुजला किंवा छातीत दाटलं, तर काम तिथेच टाकून डॉक्टर गाठायचा.

८. इथे हात घालू नका

गॅसची जोडणी, विजेचा मुख्य बोर्ड, भिंतीतून जाणारे पाइप, तुळई किंवा खांबाला गेलेला तडा, छतावरची टाकी. फार जुन्या घरातला रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरातल्या लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. विजेत मी फक्त टेबलावरच्या दिव्याचा बल्ब आणि प्लग बदलते, तेही वायर बोर्डातून उपटून हातात घेतल्यावर. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरून वीज नाही असं मानू नका. दिवा खराब असू शकतो. आधी चालू सॉकेटवर तो लागतो का ते बघायचं.

कारागीर बोलावला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसू नका. खुर्ची ओढून जवळ बसा, दिवा धरा, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. 'हा का गेला?' एवढंच विचारायचं. बहुतेक जण आनंदाने सांगतात. तो भाग, तारीख आणि सांगितलेलं कारण मी एका वहीत चिकटवून ठेवते. पुढच्या वेळी दुकानात ती वहीच नेते.